दोनशे वीस पुरुषांचा वॉर्ड : ब्लिदा, १९५४

डॉक्टर एक, इस्पितळ एक, उपचाराची पद्धतही एकच. एका अंगाला १६५ युरोपीय स्त्रिया, दुसऱ्या अंगाला २२० मुसलमान पुरुष. स्त्रियांच्या वॉर्डाचा रंग महिन्याभरात पालटला. शिवणटिपण सुरू झालं, सिनेमाचं मंडळ बसलं, सणसमारंभाची समिती झाली. पुरुषांच्या वॉर्डात तोच कार्यक्रम तसाच्या तसा लावला आणि तो सपशेल आपटला. डॉक्टरांचं नाव फ्रांझ फॅनन, आणि हे प्रकरण त्या आपटण्याचं आहे.

गावाचं नाव ब्लिदा. अल्जीरियाची राजधानी अल्जिअर्स, तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर, अ‍ॅटलास पर्वताच्या पायथ्याशी. समोर मितिजाचं सपाट सुपीक मैदान, त्यावर युरोपीय मालकांचे द्राक्षांचे आणि संत्र्यांचे मळे, आणि मळ्यांत रोजंदारीवर राबणारे स्थानिक मुसलमान. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे आजे-पणजे कधीकाळी जमिनीचे धनी होते. गावाच्या कडेला झ्वँव्हिल नावाची वस्ती, तिथे हे मनोरुग्णालय.

ते उभं राहायला किती काळ गेला हेही पाहण्यासारखं आहे. प्रत्येक जिल्ह्यात वेड्यांसाठी इस्पितळाची सोय हवी, असा फ्रान्सचा कायदा १८३८ सालचा. अल्जीरियावर फ्रेंच उतरले १८३० मध्ये आणि १८४८ पासून तो कागदोपत्री फ्रान्सचाच भाग झाला. म्हणजे कायदा लागू व्हायला हरकत नव्हती. पण इस्पितळ बांधण्यापेक्षा रुग्ण जहाजात घालून समुद्रापलीकडे पाठवणं सोपं पडलं. दक्षिण फ्रान्समधल्या इस्पितळांशी करार झाले आणि अल्जीरियातले रुग्ण बोटीने मार्सेय, एक्स इकडे रवाना होऊ लागले. डोंगरातल्या एखाद्या काबिली, म्हणजे अरबीहून वेगळी भाषा बोलणाऱ्या जमातीतल्या, शेतकऱ्याचा विचार करा. घरात बिनसलं, गावात बिनसलं, पोलिसांनी उचललं, आणि शुद्धीवर आला तेव्हा आसपास त्याची भाषा कळणारं एकही माणूस नाही. भेटायला कोण येणार? बोटीचं भाडं कोणाकडे होतं! ही पद्धत अनेक दशकं चालली. ब्लिदाचं इस्पितळ १९३० च्या दशकात बांधलं गेलं आणि त्याचं रीतसर उद्घाटन १९३८ साली झालं. कायदा होऊन तोवर शंभर वर्षं पुरी झाली होती.

ही व्यवस्था ज्यांनी आखली ते अँत्वान पोरो. अल्जिअर्सच्या वैद्यकीय विद्याशाखेत ते मानसोपचाराचे प्राध्यापक होते. माणूस कामाचा, यात शंका नाही. शहरातल्या मुस्तफा रुग्णालयात नवे रुग्ण तपासायचे, जे लवकर बरे होण्यासारखे असतील त्यांच्यावर तिथेच उपचार करायचे आणि लांबणाऱ्यांना ब्लिदाला धाडायचं, अशी दोन टप्प्यांची योजना त्यांनी बसवली. त्या काळाच्या मानाने ती आधुनिकच म्हणायची. पण या योजनेला एक सिद्धान्त चिकटलेला होता. पोरोंनी १९१८ मध्येच लिहून ठेवलं होतं की स्थानिक मुसलमानाचं मन बालिश असतं, आणि त्यात मुलाचं कुतूहलही नसतं. तो भोळसट आणि हट्टी असतो. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी त्याला शरीरशास्त्राचा मुलामा दिला. उत्तर आफ्रिकेतल्या माणसावर मेंदूच्या खालच्या, आदिम भागांचा अंमल चालतो, म्हणून तो आवेगी आणि म्हणून गुन्हेगारीकडे झुकणारा, असं ते सांगू लागले. हे शिष्य नुसते लेख लिहून थांबले नाहीत. ते कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभे राहत आणि इस्पितळांत प्रमुखपदांवर बसत.

सिद्धान्ताची सोय कुठे होती ते प्रशासनाच्या नजरेने बघितलं की चटकन कळतं. रुग्ण बरा होत नसेल तर खोट त्याच्या घडणीतच आहे, असं एकदा म्हटलं की जास्त डॉक्टर नकोत, भाषा जाणणारे कर्मचारी नकोत, वॉर्डातली गर्दी कमी करायची घाई नको. ब्लिदात मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण कोंबलेले होते. युरोपीय आणि मुसलमान यांचे वॉर्ड वेगळे. आणि हे वेगळेपण कोणी लपवतही नव्हतं, कारण त्याला ‘शास्त्रीय’ आधार होता.

२३ नोव्हेंबर १९५३ रोजी इथे विभागप्रमुख म्हणून रुजू झाले फ्रांझ फॅनन. वय २८. कॅरिबियनमधल्या मार्तिनिक बेटावर जन्म, म्हणजे तेही वसाहतीतलेच, वर्णाने काळे, पण शिक्षणाने पुरते फ्रेंच. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढले, लियाँला वैद्यक शिकले, आणि ब्लिदाला येण्याआधी साँ-आल्बाँ नावाच्या डोंगरी गावातल्या इस्पितळात काम करून आले.

साँ-आल्बाँचं थोडं सांगायला हवं, कारण फॅनन यांच्या पिशवीत जे होतं ते तिथलंच. युद्धकाळात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये मनोरुग्णालयांत सुमारे ४० हजार रुग्ण उपासमारीने आणि हेळसांडीने मेले. साँ-आल्बाँत ते फारसं घडलं नाही, कारण तिथे रुग्ण, कर्मचारी आणि गावकरी यांनी मिळून धान्य-भाजी जमवली, शेतांत कामं केली, वस्तूंची अदलाबदल केली. तिथले डॉक्टर फ्रान्स्वा तोस्केयस हे स्पेनमधल्या यादवीतून जीव वाचवून आलेले कातालान निर्वासित. त्यांचं म्हणणं असं की रुग्णाच्या आधी इस्पितळ आजारी असतं, तेव्हा आधी इस्पितळावर उपचार करा. वॉर्डात सभा घ्या, रुग्णांकडे कारभार द्या, वर्तमानपत्र काढा, सण करा. माणूस पुन्हा माणसांत राहायला शिकतो तो अशा साध्या देवघेवीतून. याला सामाजिक उपचार म्हणत.

फॅनन आल्या आल्या त्यांनी रुग्णांच्या बेड्या तोडल्या, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितली जाते. फ्रेंच मानसोपचारात प्रत्येक मोठ्या डॉक्टरला ही गोष्ट पिनेलपासून, म्हणजे वेड्यांच्या बेड्या तोडल्याबद्दल गाजलेल्या जुन्या फ्रेंच डॉक्टरपासून, वारशात मिळते, त्यामुळे मी ती बाजूला ठेवतो. वॉर्डात त्यांनी खरोखर काय केलं ते त्यापेक्षा कंटाळवाणं आहे आणि जास्त महत्त्वाचं आहे: त्यांनी बैठका लावल्या.

स्त्रियांचा वॉर्ड

डिसेंबर १९५३ पासून रुग्णांचं साप्ताहिक सुरू झालं. नाव साधंच, ‘आमचं वर्तमानपत्र’ अशा अर्थाचं. ते इस्पितळाच्याच छापखान्यात रुग्णांनी जुळवायचं आणि छापायचं. फॅनन त्यात छोटी टिपणं लिहीत. युरोपीय स्त्रियांनी ते उचलून धरलं. नाताळ आला, त्याची तयारी झाली. विणकाम, भरतकाम, सिनेमा, सिनेमानंतर चर्चा. पूर्वी दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बायका आता पुढच्या आठवड्याच्या बैठकीत काय बोलायचं याचा विचार करू लागल्या. वॉर्ड शांत झाला, बांधून ठेवण्याचं कारण कमी उरलं.

यात नवल काही नाही. या स्त्रिया वसाहतवाल्या घरांतल्या. नाताळ त्यांचा, फ्रेंच भाषा त्यांची, विणकामाच्या सुया त्यांच्या आयांच्या हातात होत्या. डॉक्टर काळा असला तरी बोलायला दुभाषा लागत नव्हता. इस्पितळाने त्यांना बाहेरच्या जगाची जी छोटी प्रतिकृती दिली, ती त्यांच्याच जगाची होती.

पुरुषांचा वॉर्ड

मग पुरुष. फॅनन यांच्या हाताखाली झाक आझुले नावाचे तरुण डॉक्टर होते, अल्जिअर्सच्या ज्यू कुटुंबातले. पुरुषांच्या वॉर्डातलं काम दोघांनी मिळून चालवलं आणि १९५४ साली त्यावर लेख लिहिला. फसलेल्या प्रयोगावर इतक्या मोकळेपणी लिहिलेला लेख वैद्यकीय साहित्यात सहसा सापडत नाही.

पहिली अडचण बैठकीतच. मोठ्या खोलीत रुग्ण आणून बसवायचे, समोर डॉक्टर, मध्ये दुभाषा. फॅनन आणि आझुले दोघांनाही अरबी येत नव्हती, काबिली तर नाहीच. दुभाष्याचं काम स्थानिक परिचारक करत. दुभाष्याच्या हाती संभाषण गेलं की काय होतं, हे आपल्याकडे कोर्टाची पायरी चढलेल्याला सांगायला नको. माणूस पाच मिनिटं जीव तोडून बोलतो आणि साहेबापुढे पोचते एक ओळ. पण लेखकद्वयाला यापुढची गोष्ट दिसली. अल्जीरियातल्या शेतमजुराला दुभाषा आयुष्यात आधी कुठे भेटलेला असतो? पोलीस ठाण्यात, कोर्टात, सरकारी कचेरीत. जिथे जिथे तो भेटला तिथे काहीतरी गमावूनच परत यावं लागलं. आता तीच मांडणी वॉर्डात: टेबलामागे साहेब, बाजूला दुभाषा, आणि प्रश्न, ‘बोला, तुम्हाला काय वाटतं?’ रुग्ण गप्प बसले. मी म्हणेन, शहाणपणाने गप्प बसले.

वर्तमानपत्राचं काय झालं? वाचता येणारे मोजकेच. पुरुषांच्या वॉर्डातून मजकूर जवळजवळ आलाच नाही. सिनेमा दाखवले, त्यात कोणाला रस नाही. सामूहिक गाण्याची कल्पना काढली, कोणी तोंड उघडेना. मुलांचे असतात तसले गटखेळ लावले, प्रौढ पुरुष एकमेकांकडे बघत उभे राहिले.

आणि राफिया. हे जरा जवळून बघू. राफिया म्हणजे ताडाच्या जातीतल्या एका झाडाच्या पात्यांचे चिवट धागे, त्यांच्या टोपल्या, चटया विणतात. युरोपातल्या इस्पितळांत हा हातकामाचा हमखास प्रकार: स्वस्त, निरुपद्रवी, कात्री-सुरी नको, आणि चार दिवसांत डोळ्यांपुढे वस्तू तयार. पुरुषांच्या वॉर्डात राफियाचे भारे आले. परिचारकांनी हातात धागे दिले. रुग्णांनी ते धरले, आणि धरून बसले. काही जणांनी तर सरळ बाजूला ठेवून दिले. केसपेपरवर शेरा काय पडला असता ते आपण लिहू शकतो: उदासीन, सहकार्य नाही, कामाची इच्छा नाही. पोरोंच्या सिद्धान्तात हा शेरा अगदी चपखल बसतो. कुतूहल नाही, पुढाकार नाही, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

गोष्ट एवढीच होती की त्या समाजात टोपल्या विणणं हे बायकांचं काम. एखाद्या नांगरधारी कुणब्याला चार लोकांदेखत अंगण सारवायला बसवलं, तर तो काय करील? तसंच गाण्याचं. त्या खेड्यांत गाणं हा पेशा, गावोगाव फिरणाऱ्या गवयांचा. घरंदाज प्रौढ पुरुषाने घोळक्यात उभं राहून गावं म्हणजे आपल्या पाटलाने फडावर चढून लावणी म्हणण्यासारखं. तो कितीही आजारी असला तरी त्याला तेवढं भान होतंच. खरं तर त्याला भान होतं, हेच तो ठणठणीत असल्याचं लक्षण मानता आलं असतं.

परिचारकांनी या सगळ्याकडे कसं पाहिलं? जुने जाणते होते ते आतून हसत होते. नवे डॉक्टर आहेत, होईल त्यांची हौस, आमच्याइतकी वर्षं इथे काढली की कळेल, असा एकूण सूर. हा सूर मला प्रकरणाचा कणा वाटतो. सिद्धान्त प्राध्यापक लिहितात खरा, पण तो टिकतो तो किल्ल्या कमरेला लावून फिरणाऱ्या माणसाच्या अनुभवात. ‘ही माणसं अशीच’ हे त्याला कुठल्या ग्रंथात वाचावं लागत नाही, वॉर्डाची रचनाच त्याला ते रोज सिद्ध करून दाखवते. आणि त्याला दोषही किती द्यावा? गर्दी त्याच्या वाट्याला, घाण त्याच्या वाट्याला, रात्रपाळी त्याच्या वाट्याला.

शेरा कोणावर मारायचा

फॅनन आणि आझुले यांनी शेरा स्वतःवर मारला. ही कलाटणी सोपी नव्हती. दोघंही पुरोगामी, दोघंही पोरोंच्या पंथाचे विरोधक, आणि तरी त्यांच्या लक्षात आलं की आपणही मनात धरून चाललो होतो की युरोपीय रुग्णाला जे लागू पडतं ते मुसलमान रुग्णाला लागू पडायलाच हवं, नाही पडलं तर त्याने स्वतःला बदलावं. हेच तर सरकारचं धोरण होतं, त्याला ‘सामावून घेणं’ म्हणत. त्यात सगळी वाट एकाच बाजूने चालायची असते. वसाहतवाद्यांच्या धोरणाला विरोध करणारे डॉक्टर वॉर्डात नकळत तेच धोरण राबवत होते, हे त्यांनी स्वतःच छापून टाकलं.

मग त्यांनी उलटी सुरुवात केली. हे रुग्ण येतात कुठून? जमीन गेलेले शेतकरी, मळ्यांवरचे मजूर, शहराच्या कडेला येऊन पडलेली कुटुंबं. घरात वडीलधाऱ्या पुरुषाचा शब्द चालतो. दिवस नमाजाच्या वेळांनी मोजला जातो. पुरुष संध्याकाळी घरात बसत नाही, कॅफेत बसतो. वेड लागलं तर ते जिनांचं काम, त्यामुळे रुग्णाला कोणी दोष देत नाही. बरा झाला की घरचे त्याला मागचं काही न काढता परत घेतात. या शेवटच्या मुद्द्यावर फॅनन यांनी पुढे १९५६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर स्वतंत्र लेख लिहिला. युरोपीय वॉर्डात परिचारक रुग्णाच्या शिवीगाळीचा राग धरून त्याला शिक्षा करतो, इकडचा खेडूत मात्र शिवी जिनाने दिली असं समजून सोडून देतो. माणुसकी कोणाच्या बाजूला जास्त आहे, असा त्या लेखाचा रोख.

वॉर्डात बदल झाले ते असे. मूरिश धाटणीचा कॅफे उघडला, म्हणजे बसकी आसनं, कॉफी, डोमिनो, पत्ते. आपल्या गावच्या पारावर जे चालतं तेच, छपराखाली. ईद साजरी होऊ लागली. गावातले मुफ्ती नमाजासाठी येऊ लागले. पेशाने गोष्टी सांगणारा कथेकरी बोलावला, आणि सिनेमापुढे पेंगणारी माणसं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली. रुग्णांनी खपून फुटबॉलचं मैदान तयार केलं. राफिया गेला, कुदळी-फावडी आली. जमीन खणायला कोणाला शिकवावं लागलं नाही आणि दुभाषाही लागला नाही.

फॅनन यांनी परिचारकांसाठी प्रशिक्षणही सुरू केलं. त्याची चर्चा कमी होते, पण मला ते कॅफेपेक्षा मोठं वाटतं. कॅफे एका आदेशाने उघडतो आणि दुसऱ्या आदेशाने बंद होतो.

हीच चूक त्यांना आणखी एका ठिकाणी सापडली. मानसशास्त्रात टीएटी नावाची चाचणी आहे, चित्रं दाखवून ‘गोष्ट सांगा’ म्हणायचं. १९५६ मध्ये फॅनन आणि शार्ल जेरोनिमी यांनी ती मुसलमान स्त्रियांना दिली. त्या गोष्ट सांगेनात. चित्रात काय दिसतंय तेवढं चाचपडत सांगायच्या आणि थांबायच्या. पूर्वीच्या डॉक्टरांनी यावरून कल्पनाशक्ती नाही, असं ठरवलं असतं. या दोघांचं म्हणणं, चित्रांतली घरं, सामान, माणसं सगळी परकी. ज्या जगात पाऊल ठेवलेलं नाही त्याची गोष्ट कशी सांगणार? भारतात मानसशास्त्र शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडेही उमा चौधरी यांना त्या चाचणीची भारतीय चित्रांची आवृत्ती करावी लागली, ती याच कारणाने.

माझे आक्षेप

हे प्रकरण फॅनन यांच्या गौरवासाठी इतक्यांदा सांगितलं जातं की त्यातल्या फटी बुजून जातात. पहिली फट तुलनेची. एका बाजूला युरोपीय स्त्रिया, दुसरीकडे मुसलमान पुरुष. समाज वेगळा तसं लिंगही वेगळं. युरोपीय पुरुषांचा वॉर्ड त्यांच्याकडे असता तर राफियाला तिथे तरी कितपत उत्साह दिसला असता? लेखकांनी सगळा फरक संस्कृतीच्या खात्यावर टाकला. काही भाग तरी पुरुषपणाच्या खात्यावर जायला हवा होता.

दुसरं, ‘मुसलमान समाज असा असतो’ म्हणून त्यांनी जे वर्णन केलं, त्यात अरबी मैदानी शेतकरी, काबिली डोंगरी माणूस आणि अल्जिअर्सच्या गल्लीतला हमाल एकाच पोत्यात भरले गेले. पोरोंनी त्यांना मेंदूच्या एका साच्यात बसवलं, यांनी संस्कृतीच्या. दुसरा साचा खूपच माणुसकीचा आहे, हे कबूल, पण साचाच. त्या २२० पुरुषांपैकी कोणी काय म्हणालं, हे आपल्यापर्यंत जे पोचतं ते दुभाष्याच्या आणि डॉक्टरांच्या तोंडूनच.

आणि तिसरं, कॅफे झाला तरी दरवाजाची किल्ली परिचारकाकडेच राहिली. भरती करणारं सरकार तेच, वॉर्डांची विभागणी तीच. फॅनन यांना हे कळत होतं, हे पुढे काय झालं त्यावरून दिसतं.

१ नोव्हेंबर १९५४ रोजी स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. मितिजाच्या मागचे डोंगर बंडखोरांच्या हालचालींचे, त्यामुळे ब्लिदा सैन्याच्या छावणीसारखं झालं. इस्पितळात छळाने कोसळलेले कैदी येऊ लागले आणि छळ करून कोसळलेले पोलीसही. उपचार दोघांवरही एकच डॉक्टर करत होता. पडद्याआड तो बंडखोरांना मदतही करू लागला. कर्मचाऱ्यांची धरपकड सुरू झाली. कालपर्यंत दुभाषा म्हणून मध्ये उभा राहणारा परिचारक आज गायब, अशी अवस्था.

डिसेंबर १९५६ मध्ये फॅनन यांनी अल्जीरियाचे निवासी मंत्री रॉबेर लाकोस्त यांना राजीनाम्याचं पत्र लिहिलं. त्यातला युक्तिवाद वॉर्डातूनच आलेला आहे. माणसाला आपल्या भोवतालात परकं वाटू नये, हे मानसोपचाराचं काम. आणि अरब माणूस स्वतःच्याच देशात कायमचा परका करून ठेवलेला आहे, तेव्हा मी नेमका कशासाठी उपचार करतोय? जानेवारी १९५७ मध्ये उत्तर आलं ते देश सोडण्याच्या हुकमाचं.

तिथून ते ट्युनिसला गेले. बंडखोरांच्या कामाबरोबर दवाखानाही चालूच ठेवला. तिथल्या शार्ल निकोल रुग्णालयात त्यांनी दिवसापुरतं मनोरुग्ण केंद्र सुरू केलं: सकाळी यायचं, उपचार घ्यायचे, संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या माणसांत, आपल्या कॅफेत जायचं. इस्पितळाच्या आत समाजाची नक्कल उभी करायची गरजच उरली नाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये, ३६ व्या वर्षी, ते रक्ताच्या कर्करोगाने अमेरिकेत वारले. अल्जीरिया स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, आणि ब्लिदाच्या इस्पितळाला नंतर त्यांचं नाव देण्यात आलं.

अरबी शिकायला त्यांनी ब्लिदातच सुरुवात केली होती. पण ती रुग्णाशी मोकळं बोलण्याइतकी कधी झाली नाही. ट्युनिसच्या केंद्रातही, डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये, दुभाष्याची खुर्ची होतीच.